त्या दगडासाठी एक दिवस

१९ जानेवारी, रविवार

ही डायरी औषधाच्या कंपनीने फुकट वाटलेली आहे. दर महिन्याच्या पानांवर वेगळं चित्र. सध्या खोकल्याची बाटली चालू आहे. माझी नात इन्शा शिर्डीत एका मेडिकलवर कामाला जाते, तिने आणली. कोरी पडून राहील म्हणून मी बोलते आणि ती लिहिते. मला अक्षर येत नाही. आमच्या वेळी बेलापुरात शाळा होती, पण घरी बकऱ्याही होत्या, आणि बकऱ्यांना माझी जास्त गरज होती. पोरीला बजावलंय, माझं बोलणं धुऊन-पुसून लिहू नको. गौहर म्हातारी जशी बोलते तशी कागदावर बसली पाहिजे.

आज इन्शाला मागणी आली. समुद्रातून.

मुलाचं नाव काशिफ. दोन वर्षं शिर्डीत एका हॉटेलच्या काउंटरवर होता, आता कोकणात आपल्या घरी परत गेलाय. घर किनाऱ्यावर असतं तर एक वेळ समजू शकले असते. किनाऱ्यापासून होडीने अर्धा तास आत, पाण्याच्या मधोमध एक बेट आहे. त्यावर मोजकी घरं, एक दर्गा आणि नारळाची झाडं. लोक सकाळी बघायला जातात, संध्याकाळी परत येतात. हा पोरगा त्यांना होडीतून नेतो आणि त्याची आई त्यांना जेवू घालते. इन्शाने बेटाचं नाव सांगितलं. मी म्हटलं, नाव लिहू नको, नाव लिहिलं की मान मिळतो. नुसतं 'दगड' लिही.

मुलाबरोबर आई आली होती. भेट म्हणून सुकवलेल्या कोळंबीची पिशवी आणली. पिशवीची गाठ सुटली आणि शेजारची मालनबाई भिंतीपलीकडून ओरडली, "गौहरबी, काय मेलंय का तुमच्यात?"

बहूने, म्हणजे इन्शाच्या आईने, पिशवी गच्चीवर नेऊन ठेवली. मी हात लावला नाही. वास हे एक कारण, आमची रीत हे दुसरं. होकार देईपर्यंत मुलाकडचं मीठ तोंडात घालायचं नाही. चहा चालतो, साखर चालते. मीठ पोटात गेलं की त्या घराला नाही म्हणता येत नाही. माझ्या सासूने एका ठिकाणी बोलता बोलता पापडाची कड मोडून खाल्ली, आणि माझ्या नणंदेला पत्ते कुटणाऱ्या माणसाबरोबर जन्म काढावा लागला. सगळं एका पापडापायी.

मला ही रीत पाळणं सोपं आहे. दोन वर्षांपूर्वी इन्शाने ब्लडप्रेशर मोजायचं यंत्र घरात आणलं, तेव्हापासून माझं मीठच बंद. सगळ्यांची भाजी वेगळी, माझी अळणी. आधी बकऱ्या राखल्या, आता त्यांच्यासारखं खाते.

२१ जानेवारी

मी कोल्हारचं स्थळ हेरून ठेवलंय, हे इथे पक्कं लिही. मुलगा शाहबाज. बापाचं ट्रॅक्टरच्या सामानाचं दुकान, दोन मजली घर, जवळच प्रवरा. बेलापूरहून जीपने तासाच्या आत. सकाळी सासूशी भांडली तर दुपारच्या जेवणाला पोरगी माझ्याजवळ. रमजानच्या आधी उत्तर पाहिजे म्हणालेत.

पोरीचा पेन थांबला. डोळ्यात कांदा गेला म्हणते. कांदा मालनबाईच्या अंगणात, ही माझ्या खाटेवर.

२४ जानेवारी

मुलाला आजार आहे.

गनीकडून कळलं. गनी माझा मुलगा, इन्शाचा बाप. पेठेत गाद्या-रजया भरतो. त्याला त्या काशिफनेच सांगितलं की शिर्डीत असताना डोकं फार दुखायचं, रोज संध्याकाळी इन्शाच्या मेडिकलवर गोळ्या घ्यायला यायचो, तिथेच ओळख झाली. रोज! इतकं डोकं दुखणाऱ्या माणसाच्या हातात लोक होडी देतात कसे?

इन्शाला विचारलं, तू गोळ्या देताना त्याला काही बोलली नाहीस? म्हणाली, "बोलले ना दादी. पाणी जास्त पीत जा म्हणून सांगितलं."

औषधाच्या बाबतीत पोरगी हुशार आहे. माणसांच्या बाबतीत कच्ची.

२६ जानेवारी, रविवार

इन्शाने मोबाईलवर दगड दाखवला. निळ्या कापडावर चहाचा डाग पडावा तसा दिसतो. लोक जाऊन आले की मोबाईलवर तारे देतात म्हणे. पाच तारे म्हणजे उत्तम. बऱ्याच जणांनी चार, पाच दिले होते, ते मी ऐकून सोडून दिले. एकाने मात्र एकच तारा दिलाय. त्याने लिहिलंय, पाहण्यासारखं काही नाही, तासाभरात संपतं, मग होडी सुटेपर्यंत ऊन खात बसा, दिवस वाया. मी ते पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. हा माणूस कोण, कुठला, मला माहीत नाही. अल्ला त्याला उदंड आयुष्य देवो.

मालनबाई एकदा कोकणात जाऊन आली आहे. तिला बोलावून घेतलं, पोरीच्या कानावर पडावं म्हणून. मालनबाईने निराश केलं नाही. "लई वंगाळ पानी असतंय ते. डोळ्यापुढं एवढं दिसतंय, पन घोटभर पिता येत न्हाई. आन रातचं असं गुरगुरतंय! मी तर कानात कापूस घालून निजले हुते."

कापूस आमच्याकडे दुकानभर आहे. पिण्याच्या पाण्याचं मात्र मी मनात ठेवलं.

२ फेब्रुवारी

भांडण झालं.

गनी म्हणाला, "अम्मा, एक दिवस जाऊन घर तर बघून येऊ."

"एक दिवस कसला? जायला एक, यायला एक, आणि मधला तासाभरात संपणाऱ्या दगडावर. मोबाईलमध्ये लिहिलंय, दिवस वाया."

"ज्याने लिहिलं त्याला मुलगी द्यायची नव्हती."

"म्हणून तर खरं लिहिलं."

बहू मोरीकडे गेली. अशा वेळी ती भांडी घासते, घासलेलीच. शेवटी गनीने पाठ ताठ केली आणि बोलला, "तू हो म्हटल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. पण तू बघितल्याशिवाय तुझं नाहीसुद्धा ऐकणार नाही."

गनीला एवढं लांब वाक्य कधी सुचत नाही. कोणी शिकवलं असेल म्हणून मी इन्शाकडे पाहिलं. ती डायरीतल्या नव्या महिन्याच्या चित्राकडे बघत होती.

माझी अट अशी. येते. पण माझं उत्तर मी त्या दगडावर उभी राहून, त्यांच्या तोंडावर देणार. मागाहून फोनवर गोडगोड नकार देणं मला जमत नाही.

७ फेब्रुवारी

उद्या पहाटे फजरची नमाज झाली की निघायचं. भाड्याची गाडी सांगितली आहे. माझ्या अळणी भाकऱ्या बांधल्या. सोबत ठेचा, तोही बिनमिठाचा. बिनमिठाचा ठेचा म्हणजे नुसतं भांडण.

आणि पाण्याचा वीस लिटरचा जार. गनी जारकडे बघत राहिला. मी त्याला समजावलं, समुद्रात खारं पाणी, दगड समुद्रात, म्हणजे दगडावर खारं पाणी. याला शाळा लागत नाही. आमच्याकडे कोरड्या जमिनीत बोअर मारला तरी मचूळ लागतं, तिथे काय अमृत निघणार आहे?

"दादी, तिथे विहीर आहे," इन्शा म्हणाली.

"तुला कोणी सांगितलं?"

पुन्हा कांदा.

८ फेब्रुवारी

समुद्र पाहिला. बराच आहे.

किनाऱ्यावरच्या लॉजमध्ये उतरलोय. गनी कुठेही गेला की आधी गादी दाबून बघतो. इथली दाबली आणि त्याचं तोंड उतरलं. म्हणाला, "ओल आहे, अम्मा. या हवेत कापसाचा गोळा होतो." मी त्याला तेच पुन्हा बोलायला लावलं, बहूसमोर आणि इन्शासमोर. जिथे कापूस टिकत नाही तिथे आमची पोरगी टिकणार होय?

९ फेब्रुवारी, रविवार

संध्याकाळी लॉजवर परत आल्यावर सांगते आहे. आज पानं जास्त लागतील.

होडीत चढताना काशिफने हात पुढे केला. मी त्याच्या हातात जार दिला. होडीत पुण्याकडची माणसं होती, त्यातला एक म्हणाला, "आजी, पाणी विकायला निघालात का?" मी म्हटलं, तुम्हाला तहान लागली की भाव सांगेन. मग होडी उडायला लागली. प्रत्येक लाटेला तोंडावर पाणी. मी पदराने तोंड झाकून घेतलं आणि येतील तेवढ्या दुआ म्हटल्या. इन्शा पुढे बसली होती, उघड्या तोंडाने, जशी काही वाऱ्याची वाटच बघत होती.

दगडाला पायऱ्या आहेत, घसरड्या. काशिफ वीस लिटर खांद्यावर घेऊन चढला आणि एकदाही थांबला नाही. डोकं दुखत असेल, पण दाखवलं नाही.

ओट्यावर त्याची दादी झाडू बांधत बसली होती. वाळलेल्या खारकेसारखी म्हातारी, माझ्याच वयाची. तिने आधी जार पाहिला, मग मला.

"काय गो, कोणाची मय्यत धुवायला आणलंस एवढं पाणी?"

"प्यायला आणलंय. खारं पाणी पिऊन माणसाची जीभ कशी होते, ते आता ऐकलंच मी."

ती उठली. घरामागच्या विहिरीतून कळशी ओढून आणली आणि माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, "पिऊ नको. तुझी रीत कळली आहे आम्हाला. पाय धू. पायांना रीत नसते." वर साबणाची वडीही दिली.

पायाला साबण लावला, तर फेस! पांढरा, घोट्यापर्यंत. आमच्या बोअरच्या पाण्यात अर्धी वडी झिजली तरी नुसता चोथा निघतो आणि डाळ दोन-दोन तास शिजत नाही. साबणाला असा फेस येतो ते पाणी कसं असतं, हे मला चाखून बघावं लागत नाही. मी पाय जरा जास्तच वेळ धुतले.

म्हटलं, "विहीर बरी आहे. पण पोरगी विहिरीला द्यायची नाही."

"आणि आम्हाला जार नको आहे, पोरगी हवी आहे."

मग दगड बघितला. एक तारावाल्याने तास म्हटलं होतं, माझ्या गुडघ्यांनासुद्धा तेवढाच लागला. मी दर्गा पाहिला नाही, नारळ पाहिले नाहीत. मी रस्ता शोधत होते. पोरगी भांडून निघाली तर जाणार कुठून? चार पावलं टाकली की पाणी. दुसरीकडून गेलं, तिथेही पाणीच. असल्या जागी भांडण करून निघायलाही दुसऱ्याची होडी लागते.

घर बघायला आलो म्हणजे कपाटही बघायचं. काशिफच्या कपाटात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. उघडला, तर डोकेदुखीच्या गोळ्यांची पाकिटं काठोकाठ. एकही गोळी फोडलेली नाही! आजार तर आहेच, वर औषधही घेत नाही. मी डबा तसाच नेऊन म्हातारीसमोर ठेवला.

"नातवाचं डोकं दुखतं हे का लपवलंत?"

"माझ्या नातवाचं? एकदा डोक्यात नारळ पडला होता, तेव्हासुद्धा दुखलं नाही."

बघा, तोंडावर खोटं. काशिफ कानापर्यंत लाल झाला, चोरी पकडली गेल्यासारखा. बहूला एकाएकी ठसका लागला. इन्शा समुद्र बघायला बाहेर गेली. बाहेर दुसरं होतं काय बघायला?

मग मी शेवटचं विचारलं. हे मी बेलापूरहून जपून आणलं होतं. "पावसाळ्यात होडी बंद. तेव्हा इथे बाई अडली तर?"

मला वाटलं, आता गोड बोलेल. काही होत नाही, अल्ला मालिक, आम्ही आहोत. ती बोलली नाही तसं. हातातला झाडू खाली ठेवला.

"माझी सगळी बाळंतपणं इथेच झाली. एक पोर गेलं. समुद्र खवळला होता, होडी लागली नाही. तेव्हापासून या घरात मी सांगितलेलं चालतं. जून ते सप्टेंबर इथे सून ठेवायची नाही. सगळे पलीकडे जातात, किनाऱ्यावर घर आहे. मी एकटी राहते."

"तू कशाला राहतेस?"

"ते पोर इथे आहे."

मी गोळ्यांचा डबा उचलला आणि कपाटात होता तसा ठेवून आले.

जेवायला त्यांनी मासे-भात वाढला. बाकीच्यांनी नुसता पुढ्यात घेतला, माझ्या उत्तराआधी कोणी घास घेणार नव्हतं. मी माझं फडकं सोडलं. भाकरीचा पहिला तुकडा तोंडात घातला आणि थांबले. खारट.

"इन्शा, भाकरीत मीठ कोणी घातलं?"

"कसम से दादी, कोणी नाही."

दुसरी भाकरी मधोमध मोडून गनीला चाखायला लावली. म्हणाला, अळणी आहे. मग मी ओठांवरून जीभ फिरवली. तिथे होतं. बोटांना होतं, पदराला होतं. होडीतून येताना तोंडावर उडालं ते सगळं वाळून माझ्या अंगावर बसलं होतं. म्हातारी इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. "इथे मीठ वाढावं लागत नाही गो!"

दोन वर्षांनी भाकरीला चव आली. दोन्ही भाकऱ्या संपवल्या आणि बोटंही चाटली. हे लिहू नको.

उत्तर दगडावरच देणार होते. होडीतली माणसं घाई करत होती म्हणून राहिलं.

११ फेब्रुवारी

बेलापूर. परतीच्या वाटेवर मी हिशोब मांडत होते. मीठ मी खाल्लं, हे खरं. पण कोणाचं खाल्लं? समुद्र त्यांच्या बापाचा नाही. त्यांनी वाढलं नाही, मी मागितलं नाही. तर मग ते मीठ धरायचं कसं?

मालनबाईला विचारलं. ती माझ्या बाजूची आहे असं मी समजत होते. तिने बराच विचार केला आणि म्हणाली, "तुमी बसल्या कुणाच्या वसरीत हुत्या?"

"त्यांच्या."

"मग मीठ त्यांचंच की. व्हय का न्हाई?"

मालनबाईशी बोलणं बंद केलं आहे.

१३ फेब्रुवारी

दुकानात जाऊन बसले. गनी गादी भरत होता, खोळ चांगल्या दुहेरी कापडाची. आत कापूस नव्हता. नारळाचा काथ्या होता.

"कोणाची गादी?"

"गिऱ्हाईकाची."

"बेलापुरात काथ्याची गादी कोण मागतं?"

तो सुई ओढत राहिला. म्हणाला, "काथ्याला ओल लागत नाही, अम्मा." मी त्याला टाका उसवायला सांगितला. टाका वाकडा होता. पोरीच्या गादीला असा टाका घालतात का?

हेही लिहू नको.

१६ फेब्रुवारी, रविवार

कोल्हारहून फोन आला. मीच घेतला. सांगितलं, तुमचा मुलगा चांगला, घर चांगलं, नदी चांगली, पण आमच्याकडून दुसरीकडे मीठ खाल्लं गेलं. त्यांच्याकडच्या म्हाताऱ्या बाईने पुढे एक शब्द विचारला नाही. जुनी माणसं आहेत, त्यांना कळतं. सगळे तासाच्या अंतरावर, आणि मी त्यांना सोडलं.

मग इन्शाला मोबाईल आणायला सांगितला. म्हटलं, दगडाला माझे तारे दे. दोन दे. एक विहिरीला, एक म्हातारीला. पोराला नको, तो औषध घेत नाही. खाली लिही: तासाभरात संपतं, त्या माणसाचं खरं आहे. एका दिवसासाठी कोणी जाऊ नये. जायचं तर नांदायला जावं.

पेन पडला. कांदा, कांदा. उचल आणि लिही, अजून माझं संपलेलं नाही.

लग्न ईदनंतर. जाताना नवऱ्यासाठी डोकेदुखीच्या गोळ्या ने आणि समोर बसून घ्यायला लाव. हसतेस काय? आजाराला हसू नये. आणि जून लागला की तू बेलापुरात. पोटुशी असलीस तरी, नसलीस तरी. किनाऱ्यावरच्या घरात नाही, इथे. सून पावसाळ्यात ठेवायची नाही, हे त्या म्हातारीने स्वतःच्या तोंडाने सांगितलंय. तिला म्हणावं, आता गौहरचं ऐक.

राहिली ही डायरी. गनी म्हणतो, इन्शा गेल्यावर मी लिहीन. बहू म्हणते, मोबाईलमध्ये बोला, तो साठवून ठेवतो. मला दोन्ही नको. मधल्या महिन्यांच्या पानांवर वाण्याचं सामान लिहा, दूधवाल्याचे खाडे लिहा, काय हवं ते करा. जूनच्या पानांवर जुलाबाच्या पुडीचं चित्र आहे. मी शोधून तिथे कोळशाची खूण केली आहे. तिथून चार महिने पानं कोरी पाहिजेत. त्यांवर ठेच्याची वाटी सांडली तरी चालेल, दुसऱ्या कोणाचं अक्षर सांडता कामा नये.